आधी वायरी, मग बॅटरी

छतावर सोलर बसवलं की बाहेरची लाईट गेली तरी घर चालू राहणार, असं बहुतेक घरांत गृहीत धरलेलं असतं. हा समज चुकीचा आहे आणि तो चुकीचा असल्याचं बहुतेकांना पॅनेल बसून गेल्यावर, पहिल्याच लांबलेल्या अंधारात कळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार आणि त्यापुढे कितीही पॅनेल लावली तरी ७८ हजारांवर मर्यादा, असं तिचं अनुदान आहे. विजेच्या बिलाचा विचार केला तर हे गणित खरोखर फायद्याचं आहे. पण अनुदान मोजलं जातं पॅनेलच्या किलोवॅटवर, बॅटरीच्या साठ्यावर ते मिळत नाही. त्यामुळे विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये बिल किती घटेल याचा तक्ता ठळक असतो आणि लाईट गेल्यावर घरात काय चालेल याची एक ओळही बहुधा नसते. गिऱ्हाईक ती मागत नाही, म्हणून विक्रेता ती लिहीत नाही.

या प्रश्नावर घरोघरी दोन भूमिका ऐकू येतात. त्या इथे एका काकांच्या आणि त्यांच्या पुतणीच्या तोंडी घातल्या आहेत. काकांचं घर श्रीवर्धनच्या बाजूला, किनाऱ्यापासून फार लांब नाही. माणूस निवृत्त, हिशेबाला पक्का. पुतणी विद्युत अभियंता. दोघंही रचलेली आहेत, त्यांचे आक्षेप मात्र रचलेले नाहीत. माझा कल पुतणीकडे आहे हे आधीच सांगून टाकणं बरं. तरीही काकांचा शेवटचा आक्षेप असा आहे की त्याला पुरं पडेल असं उत्तर माझ्या मते कोणाकडेच नाही.

काका: हे बघ, माझा हिशेब सरळ आहे. तीन किलोवॅटची यंत्रणा दिवसाला सरासरी बारा युनिटं देते. आमचं घर आठ-नऊ युनिटांत भागतं. दुपारची जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण ती परत घेतो आणि नेट मीटर महिन्याच्या शेवटी वजाबाकी करून देतो. एप्रिल-मे महिन्यांत जमा झालेली युनिटं जुलैमध्ये कामाला येतात, कारण आर्थिक वर्ष संपेपर्यंत ती खात्यावर पुढे ओढली जातात. म्हणजे बोर्ड हीच माझी बँक झाली. मग घरात वेगळी तिजोरी कशाला? बॅटरीचं नाव काढलं की कोटेशन लाखाने वर जातं आणि बिलात तिच्यामुळे एक रुपया कमी होत नाही. शिवाय आता पूर्वीचं भारनियमन तरी कुठे राहिलंय? २००५ नंतरची काही वर्षं आठव. तेव्हा खेड्यांत लाईट किती तास नाही यापेक्षा किती तास आहे हे मोजायचे. त्या काळी कोणी बॅटरी सुचवली असती तर मी ऐकलं असतं. आता दुपारी तासभर लाईट जाते, वायरमनला फोन केला की येते.

पुतणी: काका, तुमची बँक खरी आहे आणि तिचा हिशेबही बरोबर आहे. पण शाखाच बंद असेल त्या दिवशी पासबुकातले आकडे दाखवून दूध मिळत नाही. नेट मीटरवर तुमची तीनशे युनिटं जमा असोत की तीन हजार, तार मेली की त्यातलं एकही घरात येणार नाही. एवढंच नाही, तर डोक्यावर लख्ख ऊन असताना तुमची पॅनेलही बंद पडतील. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर बाहेरच्या तारेतला ५० हर्ट्झचा ठेका पकडून चालतो. तो ठेका थांबला की नियमाप्रमाणे त्याला दोन सेकंदांच्या आत थांबावं लागतं. हा नियम लाईनमनच्या जिवासाठी आहे. तो डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, पुरवठा पाडून तार हातात घेतो. त्या क्षणी तुमच्या छतावरून वीज उलटी त्या तारेत शिरली, तर तोच ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेने काम करून तुमच्या घरच्या २३० व्होल्टांचे वर ११ हजार व्होल्ट करू शकतो. जनरेटरची वायर दोन्ही बाजूंना पिन लावून घरातल्या सॉकेटमध्ये खुपसणारे लोक नेमका हाच धोका निर्माण करतात. सोलर इन्व्हर्टरला तो धोका पत्करायची मुभाच नसते.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमधला जवळपास सगळा वीजपुरवठा भर दुपारी, साडेबाराच्या सुमारास, काही सेकंदांत कोसळला. त्या देशांत छतांवर पॅनेल काही कमी नव्हती. पण ज्या घरांत ग्रिडपासून सुटं होऊन स्वतंत्र चालण्याची सोय नव्हती, त्या घरांतल्या पॅनेलचा त्या दुपारी काही उपयोग झाला नाही.

काका: मग त्याला आपल्याकडे जुना उपाय आहेच की. घरात इन्व्हर्टर आहे, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आहे. चार पंखे आणि दिवे आरामात चालतात. सोलर बिलासाठी आणि इन्व्हर्टर अंधारासाठी. दोन कामांना दोन यंत्रं, यात काय चुकलं?

पुतणी: चार तासांच्या अंधारासाठी काहीच चुकलं नाही. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण हिशेब करून बघू. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १.८ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर त्यातलं निम्मंच वापरायचं, म्हणजे जेमतेम ०.९ युनिट. जुने पंखे प्रत्येकी ७०-७५ वॅट खातात. तीन पंखे लावले तर चार तासांत सगळं संपलं. इथवर ठीक आहे, लाईट आली की बॅटरी पुन्हा भरते. पण लाईट दुसऱ्या दिवशीही आली नाही तर? बॅटरी रिकामी, छतावर तीन किलोवॅटची पॅनेल, वर ऊन, आणि तरी बॅटरीत एक थेंब वीज जात नाही, कारण बोर्डाची लाईट नाही म्हणून सोलरही बंद. दोन यंत्रं एकमेकांच्या उपयोगाला येत नाहीत, ही या जोडीतली खोट आहे. आणि कोणी जुगाडू मिस्त्री म्हणाला की सोलरचा इन्व्हर्टर या घरगुती इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडून देतो, मग लाईट नसली तरी चालेल, तर त्याला हात लावू देऊ नका. सोलरच्या इन्व्हर्टरला तो बाहेरचा ठेका वाटू शकतो आणि मग तो पॅनेलची सगळी वीज उलटी घरच्या इन्व्हर्टरमध्ये ढकलतो. तो जळतो, कधी बॅटरीही जाते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण काका आणि पुतणी दोन वेगळ्या अंधारांबद्दल बोलत आहेत. वर्षाकाठी लाईट एकूण किती तास गेली या सरासरीत काकांची बाजू बळकट आहे. डीपीतला फ्यूज उडाला, फांदी तारेवर पडली, देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवला, हे सगळं काही तासांत निस्तरतं. पण किनाऱ्यावरच्या घराला खरा हिसका देतो तो वर्षानुवर्षांत एकदा येणारा लांब अंधार, आणि तो सरासरीत दिसत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यापासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि काही गावांत लाईट परतायला आठवडे लागले. पावसाळा तोंडावर आलेला, टाळेबंदी चालू, मोबाइलचे टॉवर बंद. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं आणि जाता जाता कोकणातला पुरवठा पुन्हा विस्कळीत करून गेलं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला. आणि ज्या मुंबईबद्दल लाईट जातच नाही असं अभिमानाने सांगितलं जायचं, तिथेही १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास लाईट गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. हे सगळं दीड वर्षाच्याही आत घडलं.

काका: निसर्ग मी विसरलेलो नाही, मला ते सांगू नकोस. पण हिशेब म्हणजे हिशेब. असं वादळ रोज येत नाही. बॅटरी मात्र रोज म्हातारी होते. दहा-बारा वर्षांत ती जाणार, आणि त्या काळात वादळ आलंच नाही तर? शिवाय लिथियमच्या बॅटऱ्यांच्या किमती उतरत चालल्यात असं तुम्हीच लोक सांगता. मग आज घाई करून महाग माल का घ्यायचा? चार वर्षांनी घेईन.

पुतणी: घ्या ना चार वर्षांनी. इथे मी तुमच्याशी भांडतच नाहीये. बॅटरीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. माझं म्हणणं वायरिंगबद्दल आहे, आणि ते मात्र चार वर्षांनी करता येणार नाही. म्हणजे येईल, पण तेव्हा भिंती पुन्हा फोडाव्या लागतील, इन्व्हर्टर बदलावा लागेल आणि महावितरणकडे कागदपत्रं आणि तपासणी पुन्हा करावी लागू शकेल. आज मिस्त्री घरात आहे, डीबी, म्हणजे घरातल्या वायरींचा वाटप-बोर्ड, उघडा आहे, पाइप टाकायचेच आहेत. आजच घरातल्या वायरी दोन भागांत वेगळ्या करा. एका डीबीत अंधारात चालायलाच हवं ते, दुसऱ्यात बाकी सगळं. इन्व्हर्टर साधा न घेता हायब्रिड घ्या, म्हणजे पुढे बॅटरी जोडता येईल आणि बाहेरची लाईट गेली की तो घराला ग्रिडपासून तोडून स्वतःचा ठेका स्वतः धरेल. किंमत थोडी वाढेल, पण पुढे आख्खा इन्व्हर्टर काढून टाकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. त्या मॉडेलला कोणकोणत्या बॅटऱ्या जोडता येतात याची यादी विक्रेत्याकडून लेखी घ्या, कारण लिथियम बॅटरीच्या आतलं नियंत्रण आणि इन्व्हर्टर यांचं जमलं नाही तर नुसते व्होल्ट जुळून भागत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा: बॅटरी जोडेपर्यंत बहुतेक हायब्रिड इन्व्हर्टरही लाईट गेली की बंदच राहतात. बॅटरीशिवाय दिवसा एखादं सॉकेट चालू ठेवणारी मॉडेलं असतात. तशी सोय आहे का ते विचारून घ्या, पण तिच्यावर घर उभं राहत नाही.

काका: म्हणजे चार वर्षं मी अंधारातच.

पुतणी: नाही. वेगळा केलेला डीबी आज तुमच्या जुन्या इन्व्हर्टरवर टाकायचा. आत्ता तुमच्या घरात इन्व्हर्टरची लाईन कुठून कुठे गेलीय हे कोणालाच नीट माहीत नाही. हॉलमधला एक दिवा त्याच्यावर आहे, स्वयंपाकघरातला नाही, आणि बाथरूमचा का आहे ते मिस्त्रीलाच ठाऊक. नवी वाटणी झाली की जुना इन्व्हर्टर नेमक्या कामाला लागेल, आणि बॅटरी आली की फक्त वरचं यंत्र बदलेल, घर तसंच राहील. एक गोष्ट मात्र उभं राहून करून घ्या: दोन्ही डीबींचे न्यूट्रल वेगळे. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये फेज वेगळा ओढतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच ठेवतात. मग आरसीसीबी कारण नसताना पडतो, आणि कंटाळून कोणीतरी तो काढून टाकतो. शॉकपासून वाचवणारं यंत्रच असं घराबाहेर जातं. नवं आणि नीट अर्थिंगही याच वेळी करून घ्यायचं.

काका: बरं, मान्य. मग वाटणी कशाला करायची? सगळं घरच त्या डीबीवर घेऊ. एकदा खर्च करायचाच तर अर्धवट का?

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. संपूर्ण घर बॅकअपवर, ही विक्रेत्यांची आवडती ओळ आणि गिऱ्हाइकाचीही. ती ऐकायला सुखाची आहे, पण तिच्यामुळेच बॅटरी इतकी मोठी आणि महाग होते की माणूस तो विचारच सोडून देतो, किंवा घेतो आणि पहिल्याच रात्री दहा वाजता ती संपते. अंधाराची तयारी कमी वस्तूंवर केली तरच ती लांब टिकते. पुतणीचं पुढचं उत्तर लांबलं आहे; त्यातले आकडे प्रत्येकाने स्वतःच्या घराशी ताडून बघावेत.

पुतणी: कारण बॅटरी किती मोठी यापेक्षा तिच्यावर काय टाकलं यावर सगळं ठरतं. साधारण पाच युनिटांची लिथियम फॉस्फेट बॅटरी धरू, त्यातली चार-साडेचार युनिटं वापरायला मिळतात. दीड टनाचा एसी तिच्यावर लावलात तर तासाला एक-सव्वा युनिट. चार तासांत रात्र संपायच्या आधी बॅटरी संपली. गीझर दोन किलोवॅटचा. सकाळी पंधरा मिनिटं चालला तर अर्धं युनिट गेलं. इंडक्शनची शेगडीही तशीच. आता दुसरी यादी बघा. बीएलडीसी पंखा ३० वॅटचा. तीन पंखे बारा तास चालले तर एक युनिटाच्या जरा वर. नऊ वॅटचे पाच दिवे पाच तास, पाव युनिटही नाही. राउटर आणि घरातले सगळे मोबाइल मिळून पाव युनिटाच्या जरा वर. फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट. सगळं मिळून अडीच-पावणेतीन युनिटांत चोवीस तास. म्हणजे त्याच बॅटरीवर, सूर्याचा एक किरण न पडता, दीड दिवस निघतो.

आणि किरण पडतोच. जुलैतला दाट ढगांचा दिवस धरा, तेव्हा तुमची बारा युनिटं उतरून दोन-अडीचवर येतात. बिलाच्या हिशेबात तो दिवस वाया गेला. पण तुमची गरज अडीच युनिटांची असेल, तर तोच वाया गेलेला दिवस तुमच्या घराला जवळजवळ पुरतो. वादळानंतरचे बरेच दिवस तर उघडीपीचे असतात. म्हणजे गरजेची यादी अडीच युनिटांवर ठेवली तर छत आणि बॅटरी मिळून घर कितीही दिवस ओढू शकतात. यादी दहा युनिटांवर नेली तर दुसऱ्या दिवशी अंधार. म्हणून म्हणते की आधी पंखे बदला. जुने पंखे काढून बीएलडीसी लावणं हा अंधाराच्या तयारीतला सगळ्यात स्वस्त खर्च आहे, आणि तो लाईट असतानाही बिलात परत मिळतो.

काका: आणि पाणी? तू पंखे मोजत बसलीस, पण निसर्गच्या वेळी पंख्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं. अडलं होतं पाण्यावाचून. विहिरीवर एक एचपीचा पंप आहे, तो तुझ्या यादीत नाही.

पुतणी: बरोबर धरलंत. तो मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण तोच सगळ्यात अवघड आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, प्रत्यक्षात ओढतो किलोवॅटच्या आसपास. तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते सुरू होताना. त्या क्षणी मोटर पाच-सहा पट करंट मागते आणि लहान इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून सगळं घर बंद करतो. त्यामुळे इन्व्हर्टर निवडताना त्याचा सततचा भार किती आणि काही सेकंदांचा भार किती, हे दोन्ही आकडे विचारा, आणि पंपाला सॉफ्ट स्टार्टर लावता येतो का ते मिस्त्रीला पाहू द्या. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंप रात्री चालवायचाच नाही. दुपारी अकरा ते दोन या वेळात, पॅनेल देत असताना, अर्धा तास चालवून गच्चीवरची टाकी भरून ठेवायची. पाणी वर चढलं की खाली यायला वीज लागत नाही. पंपाची वायर गरजेच्या डीबीत आणा, पण तिच्यावर स्वतंत्र स्विच ठेवा, चुकून रात्री चालू होणार नाही असा. टाकी थोडी मोठी घेतलीत तर ती बॅटरीपेक्षा स्वस्त पडते आणि कधी म्हातारीही होत नाही.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणारं कोणी असेल तर मात्र हा सगळा क्रम बदलतो. पाच लिटरचं यंत्र ३०० ते ४०० वॅट सतत घेतं, म्हणजे एका रात्रीत चार युनिटं त्यालाच. अशा घराने बॅटरी पुढे ढकलू नये, आणि बॅटरी असली तरी भरलेला सिलिंडर हाताशी ठेवावा. इन्सुलिनचं उलट आहे. त्याला फार थोडी वीज लागते, पण ती सलग लागते. फ्रिज गरजेच्या डीबीत असलाच पाहिजे.

जागेबद्दल थोडक्यात. बॅटरी आणि इन्व्हर्टर जमिनीवर ठेवायचे नाहीत. गावात आठवणीतला सर्वांत मोठा पूर जिथवर आला त्या खुणेच्या वर भिंतीला लावायचे. चिपळूणसारख्या ठिकाणी याचा अर्थ वरचा मजलाच. ऊन लागेल अशा पत्र्याखाली नको, कारण उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते, आणि खारा वारा थेट येईल अशा पडवीतही नको. वादळाचा इशारा आला की हायब्रिड इन्व्हर्टरमधली राखीव साठ्याची मर्यादा वाढवून बॅटरी पूर्ण भरून ठेवायची. वादळ छतावर येण्याआधी डीसी आयसोलेटर पाडायचा, आणि नंतर पॅनेल, क्लॅम्प, वायरी कोणी जाणकाराने पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करायचं नाही. बाहेरची लाईट नसली तरी उजेडात पॅनेलच्या वायरींत वीज असतेच. तुटलेल्या पॅनेलला हात लावणं बोर्डाच्या तारेला हात लावण्याइतकंच वाईट. काम चालू असतानाचा अंधारही आधी धरून चालावा: डीबी बदलताना आणि नेट मीटर लावताना काही तास मेन बंद राहतो, कधी काम अडलं तर रात्रही जाते. त्या दिवशी टाकी भरलेली, मोबाइल चार्ज आणि औषधांची सोय केलेली असावी. फ्रिजचं दार बंद ठेवलं तर चारेक तास काळजी नाही.

काका: तू जे सांगतेस ते पटत चाललंय, म्हणूनच आता मनातलं बोलतो. ही सगळी तयारी ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची. आमच्या आळीत दहा घरं. माझ्याकडे अंधारात पंखा फिरेल, फ्रिज चालेल. मग तीन दिवस लाईट नाही म्हणून महावितरणच्या ऑफिसात जाऊन बसणार कोण? आजवर आम्ही सगळे मिळून जात होतो, कारण सगळे सारखेच अंधारात होतो. उद्या बोलता येणारे, अर्ज लिहिता येणारे, साहेबाला फोन करता येणारे लोक आपापल्या बॅटरीवर निवांत होतील. मागे राहतील ज्यांचं कोणी ऐकत नाही ते. पाण्याच्या बाबतीत हेच झालं. ज्याने त्याने बोअर मारली आणि नळयोजनेचं काय झालं ते विचारायला कोणी उरलं नाही.

पुतणी: याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, काका. थोडं आहे. लांब अंधारात लाईनमनची माणसं मोजकीच असतात. जी घरं दोन आठवडे स्वतःला सांभाळू शकतात ती रांगेतून बाहेर पडली, तर पाणीपुरवठ्याची लाईन आणि दवाखान्याची लाईन आधी उभी राहू शकते. तुमच्या घरचं एक सॉकेट बाहेर पडवीत काढा, आळीतले मोबाइल तिथे चार्ज होतील. एका मोबाइलला रोज दहा-पंधरा वॅट-तास पुरतात, पन्नास मोबाइल मिळून पाऊण युनिटाहून जास्त लागत नाही. शेजारच्या इन्सुलिनला तुमच्या फ्रिजमध्ये जागा द्या. पण तुम्ही म्हणता तो धोका एवढ्याने जात नाही. किनाऱ्यावरच्या वाहिन्या जमिनीखालून न्या, ही मागणी बॅटरीवाल्या माणसाने सोडली तर ती मरेल. म्हणून माझं असं मत आहे की शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी यांची छतं घरांच्या आधी तयार व्हायला हवीत, पॅनेल आणि बॅटरी दोन्हीसकट. ग्रामसभेत हा विषय तुम्ही मांडायचा, कारण आता तुम्हाला हिशेब येतो.

पुतणीच्या या उत्तरावर मला एवढंच म्हणायचं आहे की ते पुरेसं नाही आणि तरीही त्याच्याविना पुढे जाता येत नाही. आपापली तजवीज करणाऱ्या माणसांमुळे सार्वजनिक व्यवस्था कशी खंगते हे आपण पाण्यात, शाळांत, दवाखान्यांत पाहिलं आहे, आणि वीज त्याच वाटेने जाऊ शकते. पण ग्रिडला जोडलेलं छत बोअरवेलसारखं नसतं. त्याचं महावितरणशी नातं तुटत नाही. वर्षातले बहुतेक दिवस ते ग्रिडवरच अवलंबून असतं आणि त्याचं बिलही तिथेच कमी होतं. या माणसाला ग्रिड सुधारण्यात स्वार्थ उरतो. तो स्वार्थ तो वापरेल की नाही, हे मात्र कोणत्याही इन्व्हर्टरच्या हातात नाही.

काका: मांडतो ग्रामसभेत. आता मला हे सांग, मी त्या विक्रेत्याला नेमकं काय बोलू? तो म्हणणार, काका, सगळं होईल, काळजी करू नका.

पुतणी: वाद घालू नका, कोटेशनमध्ये तीन ओळी लिहून मागा. लाईट गेल्यावर कोणत्या खोलीतलं काय चालेल त्याची यादी. बॅकअपच्या आउटपुटवर सतत किती वॅट आणि सुरू होताना किती वॅट मिळतील ते. आणि शेवटचा हप्ता कशावर द्यायचा ते. यंत्रणा सुरू झाली, नेट मीटर फिरला, एवढ्यावर तो देऊ नका, कारण त्यातून फक्त बिल सिद्ध होतं. ज्या दिवशी बॅटरी येईल, मग ती आज येवो की चार वर्षांनी, त्या दिवशी त्याच्या माणसासमोर भर दुपारी घराचा मेन स्विच पाडायला लावा. दिवे टिकले का, फ्रिज चालू राहिला का, पंप सुरू करताना सगळं बसतं का, आणि त्या वेळी पॅनेलची वीज बॅटरीत चढते आहे का, हे स्क्रीनवर तुम्ही स्वतः बघायचं. मग तो माणूस गेल्यावर रात्री आठला पुन्हा मेन पाडायचा आणि सकाळपर्यंत उचलायचा नाही. सकाळी बॅटरी किती उरली तो आकडा डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हीच परीक्षा पुन्हा घ्यायची.

काका: आणि त्या रात्री बसलं सगळं, तर?

पुतणी: तर बोलवा त्याला परत. हप्ता अजून तुमच्याच खिशात असेल.